बंद ट्रिगर

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला, की अंबाजोगाईतली आमची कॉम्प्युटरची खोली आठवते. डेटाबेसमध्ये नोंद पडताच आपोआप चालणाऱ्या आज्ञांना ट्रिगर म्हणतात. तो किती मोठा झाला की डेटाबेसचं इंजिन कोसळतं, हे मी हजारो ओळी लिहून तपासत होतो. आठवडाभर रोज कोसळलं. एका दुपारी जेवून आलो, तर सगळ्या नोंदी सरसर आत गेल्या. "जमलं बे, लई भारी!" म्हणत भागीदार मित्रानं पाठ थोपटली. ज्याच्यासाठी हे काम करत होतो, त्या कापसाच्या जिनिंग मिलच्या मालकाला मीच छातीठोकपणे सांगितलं, "कितीबी टाका, पडणार न्हाई." तो गेल्यावर पाहिलं, तर मित्रानं ट्रिगरच बंद करून ठेवलेला. "कावून केलंस?" "तुला सांगितलं असतं, तर तू त्याला खरं सांगून बसला असतास." आजही एखादी चाचणी पहिल्या फटक्यात पास झाली, की पाठीवर तो हात जाणवतो.