आभाळातल्या उतारूंचा तांगा

ये, अशी जवळ ये. दारातल्या चटईवर परक्यासारखी काय बसलीस? आणि तोंड किती एवढंसं करशील? स्टँडवरून घरापर्यंत वाहन मिळालं नाही, पिशवी घेऊन चालत यावं लागलं, एवढंच ना? अगं, याच नंदुरबारात एक काळ असा होता, की विमानातून उतरणाऱ्या माणसालासुद्धा माळावर तांगा तयार असायचा. हसू नकोस. पाणी पी आणि ऐक. त्या तांगेवाल्याचं नाव कासमचाचा.

मी लग्न होऊन पहिल्यांदा या गावात उतरले, तेव्हा स्टेशनाबाहेर त्यांचाच तांगा समोर आला. उंच, किडकिडीत माणूस, दाढी मेंदीनं लाल केलेली, आणि घोडीच्या कपाळावर बायकोनं विणलेली लोकरीची झालर. घोडीचं नाव गुलछडी. चाचांनी सामान उचलायच्या आधीच विचारलं, "कोनाकडे जानं शे?"

आमच्या ह्यांची स्टेशनवरच्या पार्सलच्या खिडकीवर नुकतीच बदली झालेली. त्यांनी गल्ली सांगितली. चाचा जागचे हलेनात. गल्ली म्हणजे काही घर नव्हे, त्यांचं म्हणणं. माणूस उतरला की तो कुणाकडे तरी उतरतो, त्या घरी पोचवायचं, आणि घरचं माणूस दारात येईपर्यंत लगाम हलवायचा नाही, अशी त्यांची रीत. हे म्हणाले, अहो, आमचं इथं कुणीच नाही. त्यावर चाचांनी जरा विचार केला आणि सांगून टाकलं, "मंग आजपाईन ते पारसलबाबूनं घर." तेव्हापासून सगळं गाव आमच्या घराला तेच म्हणू लागलं, अगदी ह्यांची ती खिडकी सुटल्यावरसुद्धा.

अहिराणी मला तेव्हा धड कळत नव्हती. चाचांनीच शिकवली. ते बाजारात, तांग्यावर अहिराणी बोलायचे, सुरतेच्या व्यापाऱ्यांशी गुजराती, आणि घरात झुलेखाचाचीशी आपली हिंदी. ह्यांच्या रेल्वेच्या बोलण्यात प्रवाशाला 'उतारू' म्हणतात, हा शब्द चाचांना फार आवडायचा. तांग्याच्या दांडीवर बसून ते तो पान चघळावं तसा चघळायचे.

मग मंदी आली. तिचं नाव आम्हाला मागाहून कळलं, आधी नुसतं गाव गप्प झालं. कापसाला कुणी विचारेना, कापसाच्या जिनिंग गिरणीचा भोंगा बंद पडला, लोक सोयरिकी गावातल्या गावात उरकू लागले. गाडी यायची, शिट्टी मारायची आणि जशी आली तशी निघून जायची. तांगेवाल्यांतला एक बैलगाड्या भरायला गेला, दुसऱ्यानं घोडं विकलं. चाचांनी पुष्कळ दिवस काढले. शेवटी दोंडाईच्याचा घोड्यांचा व्यापारी येऊन गुलछडीचे दात बघून गेला. ठरलं असं, की सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेपर्यंत तांग्याला काम मिळालं तर ठीक, नाहीतर यात्रेत घोडी त्याच्या हाती द्यायची. चाचांनी शब्द दिला. चाची मला म्हणाली, सकाळपासून घोडीला खरारा करत बसलेत, तिचं कातडं निघेल आता.

त्या दिवसांत गावाबाहेरच्या सपाट माळावर कधीमधी विमान उतरायचं. सरकारी नव्हे. कुणी हौसेनं घोडा ठेवतो तसं स्वतःचं विमान ठेवणारे श्रीमंत लोक असतात ना, त्यातले. मुंबईहून इंदुराकडे जाताना वाटेत पाय मोकळे करायचे, पेट्रोल भरायचं, म्हणून चुन्यानं तिथं एक मोठं पांढरं वर्तुळ आखून ठेवलेलं. आधी जिनिंगच्या शेटची मोटार त्यांना आणायला जायची. मंदीत ती मोटार विटांवर चढली आणि तिच्यात कोंबड्या राहायला लागल्या. बैलगाडी होती, पण तिच्यात बसून एक साहेब गावात आला तो कंबर धरून उतरला, परत जाताना चालतच गेला. असाच एक कातडी टोपीवाला काळ्या मातीतून बूट ओढत येताना चाचांनी पाहिला, आणि तसेच तांगा घेऊन आमच्या दाराशी आले.

"बेटी, उतारू म्हंजे काय? जो उतरस तो. गाडीमाईन उतरो का आभायमाईन, आपले काय फरक पडस?"

दुसऱ्या दिवसापासून चाचांचा तांगा माळावर उभा. लोकांनी काय काय म्हणून घेतलं नाही. कुणी विचारी, चाचा, आज ढग किती वाजता येणार? पण विमानं खरंच यायची, आठवड्याकाठी एखादं तरी. वरून तांगा दिसावा म्हणून चाचांनी उंच बांबूला चाचीची जुनी हिरवी ओढणी बांधली. ती फडफडायला लागली, तर उतरणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बोट दाखवून मान डोलावी. चाचांना वाटे, आपल्या तांग्याचं कौतुक चाललंय. ते खूष.

एकच अडचण होती. वारा पडला की ओढणी बांबूला चिकटून लोंबायची. "बेटी, हवा बंद पडनी का मन्ही पाटी बी बंद पडस," असं ते मला सांगायचे. मग त्यांनी डोकं चालवलं. ओढणीच्या वरच्या आणि खालच्या काठात कामट्या ओवल्या, ती ताठ केली, आणि उतारूला गावाची वाटही कळावी म्हणून तिचं टोक गावाच्या दिशेला रोखून तारेनं पक्कं आवळून टाकलं. आता वारा असो नसो, पाटी उघडी. संध्याकाळी येऊन त्यांनी ते इतकं रंगवून सांगितलं, की ह्यांनीसुद्धा वाहवा केली.

त्यानंतर जे पहिलं विमान आलं ते फिरोजशेट नावाच्या तरण्या पारशाचं. त्या दिवशी वारा गावाकडून माळाकडे वाहत होता, आणि ओढणी सांगत होती नेमकं उलटं. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरवायचं असतं, आणि वाऱ्याची दिशा वरून असल्याच फडक्यावरून ओळखतात, हे आम्हाला कुणाला ठाऊक? त्यानं ओढणीवर विश्वास ठेवला. वारा पाठीशी घेऊन तो असा वेगानं जमिनीला लागला, की पांढरं वर्तुळ ओलांडून, माळ संपवून सरळ बाभळीच्या कुंपणात. विमानाचा पुढचा लाकडी पंखा मोडला. फिरोजशेट काट्यांनी ओरबाडलेला बाहेर आला, आणि धावत पोचलेल्या चाचांना त्यानं गुजरातीत विचारलं, काका, आ कपडुं कोणे बांध्युं?

चाचांनी छाती काढून सांगितलं, मीच.

फिरोजशेटनं त्यांना वाऱ्याचा सगळा हिशेब समजावून दिला, हातानं विमान करून, मातीत रेघा ओढून. रागावला नाही. उलट त्याला हसूच आवरेना. "काका, तुमी हवेला पण तांग्यात बसवून गावात पाठवली ना," असं आपल्या पारशी मराठीत म्हणाला. पण चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी त्याला तांग्यात घेतलं. त्याचं तर गावात कुणी नव्हतं. चाचांनी त्याला विचारलंही नाही, स्वतःच्या घरी नेलं.

नवा पंखा मुंबईहून रेल्वेच्या पार्सलानं येणार, तोवर फिरोजशेटचा मुक्काम चाचीच्या ओसरीवर. चाचीचा रस्सा आणि माझ्याकडची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊन तो असा रमला, की आमचे हे रोज पंखा आला नाही म्हणून सांगायला गेले की तो म्हणायचा, घाई नाही, बाबू. घाई चाचांना होती. पंखा आला की याला माळावर सोडायचं आणि तिथूनच सारंगखेड्याची वाट धरायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. यात्रेत घोडे यायला लागले होते. मी म्हटलं, चाचा, आता तर कुठे काम मिळायला लागलं होतं. तर म्हणाले, "मन्हा कपडाना भरवसावर तो उतरना, नि मी त्याले काटास्मा टाकं. आते कोन भरवसा करी?"

हे फिरोजशेटच्या कानावर गेलं. सांगितलं मीच, लपवायचं काय त्यात? तो तडक उठला आणि चाचीपुढे जाऊन बसला. त्यानं तिला सांगितलं, एक कापडी बाही शिवायची, तोंडाशी रुंद, शेवटी चिंचोळी, दोन्हीकडून उघडी, आणि रुंद तोंडात कडं बसवायचं. वारा आत शिरला की ती फुगते, वारा जिकडे जातो तिकडे वळते. चाचीनं नीट ऐकून घेतलं, आत गेली, चाचांचा जुना पायजमा आणला आणि त्याचा एक पाय कापला. चाळणीची जाळी काढून तिचं कडं वरच्या तोंडात शिवलं. वेगळं काही करावंच लागलं नाही.

ज्या दिवशी पंखा बसला त्या दिवशी अर्धं गाव माळावर. मीही चाचीबरोबर तांग्यात बसून गेले. बांबूवर चाचांचा पायजमा चढला आणि फुगला, तशी चाची पदराआडून मला म्हणाली, "लोगां के घर का झंडा ऊपर रहता, हमारे घर का पायजामा." घोड्यांचा व्यापारीही यात्रेत वाट न बघता घोडी न्यायला आलेला, कारण चाचांचा शब्द होता. फिरोजशेट विमानात चढला, पण त्यानं बांबूकडे पाहिलंच नाही. चाचांना विचारलं, काका, वारा कुठून?

सगळे चाचांकडे बघताहेत. त्यांनी पायजम्याकडे पाहिलं, चिमूटभर माती सोडून पाहिली, गुलछडीच्या आयाळीकडे पाहिलं, आणि मग हात गावाकडे केला. "गावकडथून." फिरोजशेटनं आणखी काही न विचारता विमान त्या तोंडाला वळवलं. जाताना एवढंच म्हणाला, की पुनवेनंतर याच वाटेनं परत येणार, आणि खाली तांगा दिसला नाही तर उतरणार नाही.

विमान सुखरूप वर गेलं. व्यापारी पुढे आला. चाचांनी लगाम त्याच्या हाती दिला नाही. तो चिडला, साहजिक होतं. "चाचा, आभायकडे देखी देखी घोडीनं पोट भरी का?" चाचांनी त्याला हात जोडले. "पुनव जाऊ दे. तो वना नही तर मी सोता घोडी लई येसू."

पौर्णिमा गेली, यात्रा उलगली. चाचा रोज माळावर. चाचीनं त्यांना काही विचारणं सोडून दिलं. मीही दळताना हात थांबवून आवाजाचा कानोसा घ्यायची आणि पुन्हा दळायला लागायची. एके दिवशी दुपारी अंगणात तांग्याची घंटी वाजली. चाचा तांग्यातून उतरलेच नाहीत, तिथूनच ओरडले, भाकरी टाक. तांग्यात मागे फिरोजशेट, आणि त्याच्या शेजारी दुसरा कातडी टोपीवाला. तो दुसऱ्या विमानातून आलेला. मुंबईच्या क्लबात फिरोजशेटनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की नंदुरबारला उतरायचं तर आधी पायजमा शोधा. माझ्या पिठाच्या हातांकडे बघून चाचा नुसते हसत होते. "दोन उतारू शेतस, बेटी," एवढंच म्हणाले.

घोडी राहिली. लढाई लागून हौशी विमानं बंद पडेपर्यंत ती माळावर जात राहिली, आणि पुढे कापूस सुधारला तेव्हा परत स्टेशनावर. म्हातारी होऊन ती चाचांच्याच गोठ्यात गेली. तिच्यामागं दोन पावसाळ्यांनी चाचा. शेवटच्या दुखण्यात मी बघायला गेले होते. बरंच बोलले. निघताना मी म्हटलं, विश्रांती घ्या, तर उशीवरून मान उचलून सांगितलं, की विमान वर गेलं तेव्हा आपण खालून ओरडून काही बोललो होतो, ते त्या पारशाला कधी ऐकूच गेलं नाही. मी विचारलं, काय बोलला होतात? म्हणाले, "दुसरं काय सांगसू? लवकर ये, एवढंच."

आणि तूही अशी वर्षा-दोन वर्षांनी नको उगवत जाऊस. या मार्गशीर्षात परत ये. चार दिवस राहा, कळण्याची भाकरी खाऊ घालते, आणि तो माळ तुला दाखवते. लवकर ये, बाई.