उमरेडच्या विणकराने पाहिलेली बोट

गोव्याला जाऊन समुद्र न बघता परत आलेले आम्ही दोघेच असू. मी आणि बाबा. तुम्ही किनारे, हॉटेलं शोधत इथे आला असाल तर आधीच सांगते, यात ते काही नाही.

माझा धाकटा भाऊ प्रशांत तिथे एका यार्डात बोटी बनवायचा. श्रीमंतांच्या यॉट, प्रत्येक मालकाच्या मागणीप्रमाणे वेगळी. गेल्या पावसाळ्यात ताप आला आणि पाच दिवसांत गेला. त्याने काम केलेली शेवटची बोट आता पाण्यात उतरणार, बघायची असेल तर या, असा यार्डाचे फोरमन नाईक यांचा फोन आला. बाबा नाही म्हणतील अशी मला खात्री होती. पण ते म्हणाले, "कधी निघाचं?"

बाबा उमरेडचे विणकर. प्रशांतने हातमागावर बसायला नकार दिला तेव्हापासून बापलेक बोलत नव्हते. तीन वर्षं निरोप माझ्यामार्फत, म्हणजे मी नागपुरात नोकरी सांभाळून टपालखातंही चालवायची.

उमरेडहून एसटी सव्वा तासात नागपूरला सोडते. तिथून मडगावची थेट गाडी आठवड्यातून मोजकेच दिवस असते, दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचवते. आरक्षण लवकर करा आणि जेवण घरून न्या. मी पोळ्या, सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीरवडी, आणि तिळाची चटणी घेतली होती. शेगावला कचोरीही घेतली. बाबांनी एकच खाल्ली, एरवी तीन खातात.

जेवणाचा डबा रिकामा झाल्यावर त्यांनी पिशवीतून काळ्या कापडाचा तुकडा काढला. मी तो लगेच ओळखला. हल्ली बोटी ज्याच्या बनवतात ते कार्बनच्या धाग्यांचं कापड, प्रशांतनेच कुरिअरने पाठवलं होतं. बोटीत सुकाणूच्या चाकासमोर एक गोल वळणाचा भाग होता, त्यावर मालकाला रंग नको होता, वीणच दिसायला हवी होती. पण वळणावर कापडाला चुण्या पडत होत्या. "बाबांना विचार ना ताई, न कापता कसं बसेल? कापडातलं त्यांच्याइतकं कोणाला कळतं?" असं तो फोनवर म्हणाला होता. मी विचारलं, तर बाबा म्हणाले होते, जहाजातलं मले काय विचारतो. मीही तसंच कळवून टाकलं. थोडं गोड करून सांगता आलं असतं, पण मीही कंटाळले होते या टपालाला.

आता गाडीत बाबांनी ते कापड तिरपं धरलं, कोपरा पुढे करून. मग दोन्ही हातांनी हळूहळू ओढत डब्याच्या गोल झाकणावर बसवलं. एक चुणी नाही.

"हे तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"आलं त्याच दिवशी," बाबा म्हणाले.

मी वरच्या बर्थवर जाऊन पडले. मला त्यांचा इतका राग आला होता की पनवेल येईपर्यंत खाली उतरले नाही.

मडगावला स्टँडजवळ साधी, स्वच्छ खोली मिळाली. सकाळी बसने निघालो. पुढे यार्डापर्यंत रिक्षा लागते, भाडं आधीच ठरवा. यार्ड नदीकाठी, मोठ्ठी पत्र्याची शेड, आत रेझिनचा, म्हणजे कापडात मुरवायच्या चिकट रसायनाचा, उग्र वास. नाईकांनी सगळं नीट समजावलं. साच्यावर कापडाचे थर घालतात, वरून प्लास्टिक ताणून आतली हवा ओढून घेतात, मग रेझिन शिरतं आणि कापडाचं लाकडापेक्षा कठीण काहीतरी होतं. बाबा एका टेबलावरच्या रोलचा ताणाबाणा बोटाने चाचपत होते. वीण चांगली आहे म्हणाले. शाबासकी त्यांच्या तोंडून फार कमी येते.

बोट पांढरीशुभ्र, ओळीत तीन एसट्या उभ्या राहतील एवढी. शिडीने वर चढलो. चाकासमोर तो काळा, चकचकीत भाग होता आणि मधोमध बारीक जोड.

नाईक म्हणाले, मालकाने तो जोड पसंत केलाय, कोणाची तक्रार नाही. प्रशांतलाच पटला नव्हता. कापड कापायच्या आधी चार दिवस थांबला होता, वडील स्वतः फोन करतील म्हणत.

बाबांनी त्या जोडावरून अंगठा फिरवला.

त्या यार्डात एक पद्धत आहे. प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला, शेवटच्या थराखाली, पातळ कागदाची चिठ्ठी घालतात. भागाचा नंबर आणि करणाऱ्याचं नाव. वरचं काचेच्या धाग्यांचं कापड रेझिन प्यायलं की पारदर्शक होतं, त्यामुळे चिठ्ठी कायमची वाचता येते आणि कधीच काढता येत नाही. नाईकांनी खाली वाकून मोबाईलचा उजेड पाडला. बाबा गुडघे धरत खाली बसले. चष्मा विसरला होता, म्हणून मीच वाचलं. नंबर, प्रशांत, आणि खाली त्याच्या तिरक्या अक्षरात, 'जोड दिसतो. पुढच्या वेळी बाबांना विचारून.'

मला रडू आवरलं नाही. बाबांनी चिठ्ठीवर हात ठेवला, पण मध्ये काच होती.

थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतला तुकडा काढून नाईकांना ती युक्ती दाखवली. नाईकांनी ती दोनदा करून पाहिली. मग म्हणाले, बोट पाण्यात उतरायला अजून दहा दिवस आहेत, हा भाग काढून बिनजोडाचा नवा बसवतो, प्रशांतच्या नावाने.

"राहू द्या," बाबा म्हणाले. "तो जोड माह्याच्यानं झाला. तो दिसला पायजे."

नाईकांनी समुद्र दाखवायला गाडी देऊ केली. आम्ही नको म्हटलं.

परतीची गाडी, नागपूर, एसटी, उमरेड. काळा तुकडा बाबांनी येताना नाईकांकडेच ठेवला. बोट पाण्यात उतरल्याचा व्हिडिओ आला, तो मी त्यांना दोनदा दाखवला. दोन्ही वेळा ते पुढचं टोक सोडून चाकाकडेच बघत होते.

परवा बाबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "त्यानं विचारलं तेव्हाच सांगाले पायजे होतं ना वं?"

आजवर मी या दोघांचे निरोप गोड करून पोचवले असते तर बरं झालं असतं. पण आता पलीकडे निरोप घ्यायला कोणी नव्हतं, गोड करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"हो बाबा," मी म्हटलं. "तेव्हाच."