नर्मीनची फळी, आईची झगरूत

नर्मीनला उडी मारायला मी शिकवलं नाही. ती माझ्याकडे येण्याआधीच उड्या मारत होती, आणि त्याही चोरून. तिची आई आमच्या क्लबात बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीवर होती. टॉवेल द्यायचे, फरशी पुसायची, मेंबरबायकांच्या अंगठ्या सांभाळायच्या. भर दुपारी कैरोच्या उन्हाला कंटाळून मेंबरं घरी झोपायला गेली, की ही दहा वर्षांची पोर पोहायच्या हौदावरच्या तीन मीटरच्या फळीवर चढायची. एकदा मी तिला पकडलं. कान धरणार तेवढ्यात तिने माझ्यादेखत मागे कोलांटी घेतली आणि पाण्यात अशी शिरली, की शिंतोडासुद्धा उडाला नाही. मी कान धरायचा विसरले.

मी फिक्रिया. क्लबातली पोरं मला कॅप्टन म्हणायची, पण वीस वर्षांत या कॅप्टनच्या हाताखालून एकही पोर देशाच्या संघापर्यंत गेली नव्हती. मी स्वतः खेळत होते तेव्हा तीनदा दुसरी आले. दुसरी आलेली माणसं फार वाईट असतात, हे मी स्वतःवरून सांगते. त्यांना ते पहिलेपण कुणाच्या तरी हातून वसूल करायचं असतं.

आमच्या खेळात नवी उडी शिकवताना प्रशिक्षक काठावरून ओरडतो. गुडघे छातीशी आवळून पोर हवेत गरगरत असते, तिला वर काय नि खाली काय ते कळत नाही. मग नेमक्या क्षणी मी "सोड!" म्हणायचं आणि तिने गुडघे सोडून हात पाण्याकडे न्यायचे. पंधरा दिवसांत फिरता फिरता पाणी दिसायला लागतं आणि ओरडायची गरज संपते. बाकीच्या पोरींची संपली. नर्मीनची चार वर्षं संपली नाही.

"डोळे मिटतेस का गं हवेत?"

"नाही, कॅप्टन."

"मग एवढं हौदभर पाणी दिसत नाही तुला?"

"दिसतं हो. पण तुमची ओरड ऐकल्याशिवाय मला जेवण पचत नाही."

सगळ्या पोरी हसल्या, मीही हसले. खरं तर तेव्हाच तिला मोजायला शिकवायला हवं होतं. पाय फळीवरून सुटले की मनात एक, दोन, तीन, आणि सोडायचं. पण ते चिकाटीचं काम आणि ओरडणं सोपं. मी सोपं ते केलं.

स्पर्धेत ओरडायची सोय नसते. उडी चालू असताना बाहेरून कसलीही मदत झाली, की त्या उडीला शून्य. चौदाव्या वर्षी पहिल्याच स्पर्धेत नर्मीन पाचातल्या तीन उड्यांना पाठीवर आपटली. पाठ लालभडक झाली होती. तिच्या आईने, म्हणजे उम्म नर्मीनने, तिला टॉवेलात गुंडाळलं आणि मला म्हणाली, "पुढच्या खेपेला मी येऊन बसते, कॅप्टन. पोरीला धीर येईल."

पुढच्या खेपेला ती आली. उम्म नर्मीनची झगरूत साऱ्या क्लबाला माहीत होती. जीभ नाचवत ती गळ्यातून असा लांब, चढा आवाज काढायची की लग्नघरातल्या रुसलेल्या सासवासुद्धा टाळ्या वाजवायच्या. क्लबच्या बागेत लग्न असलं की तिला मुद्दाम पुढे बसवत. त्या दिवशी नर्मीन हवेत गेली आणि स्टँडमधून झगरूत आली. पंच हसायला लागले.

"अहो बाई, ही स्पर्धा आहे, लग्न नव्हे!"

"पोर पाण्याला दिलीय मी, साहेब. माझ्या घरचं लग्नच आहे हे!"

नर्मीन पहिली आली.

मला दुसऱ्याच स्पर्धेत कळलं. ती झगरूत उडीच्या आधी येत नव्हती की नंतर येत नव्हती. मी जिथे "सोड" म्हणाले असते, बरोब्बर तिथेच सुरू व्हायची. फरशी पुसता पुसता त्या बाईने चार वर्षांत माझी वेळ पाठ केली होती. मी तिच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"उम्म नर्मीन, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काय चाललंय हे?"

ती टॉवेलच्या घड्या घालत राहिली. "काय चाललंय?"

"पंचांना कळलं तर पोर कायमची बाद होईल. अजून तिला पाणी दिसत कसं नाही?"

"दिसणार कुठून?" तिने टॉवेल खाली ठेवला. "डावा डोळा लहानपणीच्या तापात गेला तिचा. उजव्याने चष्म्याशिवाय तुमचं नाक कुठे नि तोंड कुठे, तेही कळत नाही. तुमच्या डॉक्टरच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून गेली होती ती."

मी विचारलं, "डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणतात?"

"आतला पडदा पातळ झालाय म्हणे. डोक्याला मार नको."

आमच्या खेळात प्रत्येक उडी हा डोक्याला मारच असतो. हे तिला नसलं तरी मला पक्कं माहीत होतं.

"आणि तरी तुम्ही तिला पाठवता?"

"नको म्हटलं की मी! चार दिवस जेवली नाही. म्हणाली, फळीवर मी नर्मीन असते, खाली आले की टॉवेलवालीची पोर." मग ती माझ्या अगदी जवळ आली. "तुम्ही सांगा तिला, कॅप्टन. तुमचं ऐकेल ती."

ऐकलं असतंच तिने. माझ्या एका शब्दावर ती पोर फळीवरून उतरली असती. पण चौदा वर्षांची, माझ्या हाताखालची, पहिली आलेली पोर मला आयुष्यात प्रथमच मिळाली होती. मी म्हणाले, "एवढं एक वर्ष जाऊ दे. मग थांबवू." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला समजावलं. तेच वाक्य मी पुढे तीन वर्षं म्हणत राहिले, आणि तीन वर्षं नर्मीन देशात पहिली येत राहिली.

सतराव्या वर्षी आफ्रिकेच्या स्पर्धेसाठी निवड होती, आमच्याच हौदावर, गुरुवारी. आमच्याकडे गुरुवार म्हणजे लग्नाचा दिवस. मेंदीच्या कुंपणापलीकडे बागेत खुर्च्या मांडलेल्या मला सकाळीच दिसल्या होत्या. पण वऱ्हाड सहाला येणार होतं आणि स्पर्धा पाचला संपणार होती, म्हणून मी निर्धास्त होते. आमच्याकडे कुठलीच गोष्ट वेळेवर होत नाही. एक पंच उशिरा आले, मग चहा झाला, मग याद्यांवरून वाद झाला. लग्न तेवढं त्या दिवशी वेळेवर आलं.

शेवटची उडी अडीच कोलांट्यांची होती. नर्मीन एवढी पुढे होती, की साधी, नीट उडी पडली असती तरी संघात गेली असती. तिने फळीची उसळी कमीजास्त करायचं चाक पायाने फिरवून घेतलं, तीन पावलं टाकली आणि उसळली. ती गुडघे आवळून फिरत असताना कुंपणापलीकडे नवरी गाडीतून उतरली, आणि तिच्या कुण्या मावशी-आत्याने मन भरून झगरूत दिली.

नर्मीनने सोडलं. पापणी लवायला लागते तेवढंच आधी. पाठोपाठ आईची झगरूत आली, अगदी वेळेवर, आणि अर्ध्यातच तुटली. नर्मीन तोंडावर पडली. भिजलेला टॉवेल फरशीवर आपटावा तसा आवाज झाला. पलीकडे ढोल सुरू झाले होते.

ती स्वतःच काठाशी आली. मी हात दिला, तो तिला सापडेना. "कॅप्टन," ती म्हणाली, "दिवे कुणी घालवले?"

उन्हं अजून स्टँडवर होती.

दोनदा शस्त्रक्रिया झाली. उजेड आणि हलणाऱ्या सावल्या, एवढं उरलं. पंचांच्या कागदावर "चुकलेली उडी" अशी नोंद झाली. मी कुणाला काही सांगितलं नाही, उम्म नर्मीननेही नाही. बागेत लग्न असलं की ती आपल्या खोलीतून बाहेर पडेनाशी झाली. मेंबरबायका विचारायच्या, "काय गं, घसा बसला की काय?" "बसला," एवढंच ती म्हणायची. तिच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटायची. टॉवेल मी घरून आणायला लागले.

नर्मीन पुढे टेलिफोनच्या कचेरीत लागली आणि तिथल्याच वजदी नावाच्या मुलाशी तिचं ठरलं. नऊ वर्षांनी त्याच बागेत लग्न झालं. गच्चीवरून बागेत अकरा पायऱ्या उतरतात. नर्मीन सगळ्यात वरच्या पायरीवर उभी होती, पायांची बोटं कडेबाहेर, फळीवर उभी राहायची तशीच. बायका खाली जिभा आवरून थांबल्या होत्या, कारण पहिली झगरूत नवरीच्या आईची. उम्म नर्मीनने तोंड उघडलं. आवाज फुटेना. पुन्हा उघडलं आणि मग हातानेच झाकून घेतलं. मी तिच्या शेजारीच होते.

वजदी हात द्यायला वर निघाला.

"थांब तिथेच," नर्मीन म्हणाली. मग आईच्या दिशेने मान वळवून म्हणाली, "राहू दे, आई. मी वाट बघत नाहीये."

आणि ती उतरायला लागली. कुणाचा हात नाही, कठडा नाही. माझ्या समोरून गेली तेव्हा तिचे ओठ हलताना दिसले. नऊ, दहा, अकरा. अकराव्याला तिने नवऱ्याकडे हात पुढे केला, आणि मग मागे न वळताच विचारलं, "कॅप्टन, बरोबर मोजलं ना?"

"बरोबर," मी म्हणाले.

तेवढं मी तिला पंधरा दिवसांत शिकवू शकले असते.