साहेब सायकलवर आले

आता काय सांगू तुम्हाला, सांगायला लागलो की मलाच पुन्हा चिडायला होतं. आधी चहा संपवा, मग हसा.

मी इतिहासाचा मास्तर. राहतो देऊळघाट गावाजवळच्या एका वस्तीत. नाक्यापासून वस्तीपर्यंत रस्ता कसला, नुसते खड्डे. एक ऑटोवाला आत यायला तयार नाही. आईचे गुडघे गेलेले, तरी दवाखान्यात न्यायचं तर तिला नाक्यापर्यंत पायी न्यावं लागे. अर्ज करून करून मी थकलो.

अशात कुठंतरी वाचलं, की विलायतेत चांगल्या रस्त्यांसाठी पहिली बोंब मोटारवाल्यांनी नाही, सायकलवाल्यांनी मारली. मोटारी तर तेव्हा यायच्या होत्या. पटलंच मला. खड्डा नेमका कुठं लागतो, हे सीटवर बसल्याशिवाय कळतं का?

झालं, डोक्यात किडा वळवळला. रस्त्यांचे नवे साहेब सायकलचे शौकीन, रोज सकाळी राजूर घाट चढतात. मी थेट जाऊन त्यांना हा इतिहास ऐकवला. म्हटलं, "साहेब, अर्ज वाचूच नका. एकदा सायकलनं आमच्याकडे या." साहेब खूश. रविवारी येतो म्हणाले.

आईला सांगितलं, तर तिनं कपाळाला हात लावला.

"काऊन बाप्पा, पाहुण्याचा जीव घेतं का? खड्ड्यात पडला अन् हाड मोडलं तं?"

"व माय, खड्डे दाखवाले तं बोलावलं त्याले."

"मंग दाखव ना. पाडू नको. आपल्या दारात पाहुण्याले लागलं तं तोंड दाखवाले जागा राहीन का?"

म्हटलं, चार मोठे खड्डे तेवढे बुजवू. घमेलं घेऊन मुरूम टाकायला लागलो. ते पाहून शेजारचे देविदासभाऊ आले, मग सगळी वस्तीच आली. पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्याकडे कोणी हात आखडत नाही. संध्याकाळी तो रस्ता मलाच ओळखू येईना.

रविवारी साहेब सुसाट आले. हेल्मेट काढून इकडेतिकडे पाहिलं.

"सर, खड्डे कुठायत?"

"बुजवले, साहेब."

"कोणी?"

इथं तरी गप्प बसावं की नाही? पण माझी छाती फुगली. "मीच. म्हटलं, तुम्हाला लागू नये."

"वा. तुम्ही इतकं छान सांभाळताय, तर इथलं डांबर मी जिथं कोणीच सांभाळत नाही तिथं देतो."

पोहे खाल्ले, आईच्या पाया पडले आणि गेले.

दोन पावसांत मुरूम नाल्यात गेला. परवा आईचा हात धरून चिखल तुडवत नाक्याकडे निघालो होतो. मनातल्या मनात साहेबांना, स्वतःला आणि विलायतेतल्या समस्त सायकलवाल्यांना शिव्या देत होतो. समोरून देविदासभाऊ आले.

"सर, नाल्यापाशी लय मोठा खड्डा पडला. पाहा ना जरा."

"मले काऊन सांगता भाऊ? साहेबाले फोन करा."

"केला ना. त्यायनंच तुमचा नंबर देला."