नऊ दिवस न वाचलेली वही

काही प्रकरणं फाइल बंद झाली की डोक्यातून जातात. कॅनडातल्या एडमंटनचं हे प्रकरण गेलं नाही. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी तो मंगळवार माझ्यासमोर जसाच्या तसा उभा राहतो.

तेव्हा मी मुलांवरच्या अत्याचारांचा तपास करणाऱ्या विभागात डिटेक्टिव्ह होतो. जानेवारी महिना, बाहेर उणे अठ्ठावीस. सकाळी साडेआठला निनावी फोन आला. पुरुषाचा आवाज. सैन्याच्या छावणीजवळच्या नव्या वस्तीत एक बाई घरात पाळणाघर चालवते, तिच्याकडे परवाना नाही, मुलं सात आहेत आणि त्यातल्या तीन वर्षांच्या एका मुलाच्या अंगावर वळ आहेत. एवढं सांगून त्याने पत्ता दिला आणि फोन ठेवला.

निनावी फोन करणारे बहुधा चिडलेले असतात आणि चिडलेला माणूस फापटपसारा फार लावतो. हा मात्र मोजकंच बोलला. माझे कान तेव्हाच टवकारायला हवे होते.

आधी नियम सांगतो. घरात ठराविक संख्येपर्यंत मुलं सांभाळायला आमच्या प्रांताचा परवाना लागत नसे. एक जरी मूल जास्त झालं, तर लागे. छावणीच्या हद्दीतल्या घरांना मात्र सूट होती. तिथल्या कुटुंब केंद्राचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्या बाईकडे प्रांताचा परवाना कोणी मागत नसे, कारण केंद्राची तपासणी आमच्यापेक्षा कडक होती. या बाईंकडे ते प्रमाणपत्र होतं. नवरा सैन्यात, गाड्या दुरुस्त करायच्या कामावर. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी छावणीबाहेर घर घेतलं आणि त्याच दिवशी ती सूट संपली. बाई तीच, मुलं तीच, चारच किलोमीटरचं अंतर, पण कायद्याने आता एक मूल जास्त होतं.

अकरा वाजता मी आणि माझी सार्जंट तिथे पोचलो. बेसमेंट स्वच्छ होतं. सातही मुलं खाली बसून सफरचंदाच्या फोडी खात होती. बाई चाळिशीच्या, नागपूरच्या. माझं कार्ड वाचून त्यांचा चेहरा उजळला.

"साहेब, तुम्ही आपले मराठी! बरं झालं जी. मला तुम्हाला काही सांगायचं आहे."

मी म्हणालो, "मॅडम, इंग्लिश प्लीज."

मी असं का केलं, ते लपवत नाही. आदल्या वर्षी एका भारतीय अधिकाऱ्याने ओळखीच्या माणसाला सोडलं, अशी कुजबुज ठाण्यात झाली होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे आमच्या लोकांबद्दल बोलायला सगळ्यांना सोपं जातं. माझ्याबद्दल ते कोणी बोलू नये, असं मी ठरवून टाकलं होतं. म्हणून त्या बाईंशी मी गरजेपेक्षा जास्त कडक वागलो.

त्या तीन वर्षांच्या मुलाच्या उजव्या दंडावर वळ होते. चार बोटांचे, स्पष्ट. पाळणाघर त्याच दिवशी बंद झालं. आई-बापांना फोन गेले. त्या मुलाची आईही सैन्यातच, पण तेव्हा परदेशात मोहिमेवर होती. बाप न्यायला आला. शांत, नम्र, माझे दोनदा आभार मानणारा. मुलगा त्याच्याकडे जाताना रडायला लागला. मला वाटलं, एवढ्या अनोळखी माणसांना बघून घाबरला असेल. मीच त्याच्या स्नोसूटची चेन लावली आणि त्याला बापाच्या हातात दिलं.

दुपारी बाईंचा जबाब झाला. रेकॉर्डिंग चालू होतं.

"हे वळ माझ्याकडे नाही झाले," त्या तुटक इंग्रजीत सांगत होत्या. मग न राहवून म्हणाल्या, "साहेब, मराठीत सांगू का? मी सगळं वहीत लिहून ठेवलं आहे. तुम्ही वाचा ना, तुम्हाला तर वाचता येते."

"वही ट्रान्सलेटर वाचेल," मी म्हणालो.

प्रत्येक आरोपी दुसऱ्याकडे बोट दाखवतो. वीस वर्षांत मी ते शेकडो वेळा ऐकलं होतं, त्यामुळे या वेळीही कानाआड केलं. नंतर सार्जंट म्हणाली, "तुला येते ना ही भाषा? वाच की. ट्रान्सलेटरला वेळ लागेल." मी नको म्हणालो. उद्या कोर्टात वकील विचारेल की आरोपीच्याच भाषेच्या पोलिसाने वाचन कसं केलं, असं कारण दिलं. कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. वही, रोजचे फॉर्म आणि प्रमाणपत्र एका खोक्यात भरून, सील करून मुद्देमालाच्या खोलीत गेलं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी मुलांच्या हॉस्पिटलमधून फोन आला. तोच मुलगा. डावा हात कोपराच्या वर मोडलेला. बाप म्हणत होता, बर्फावर घसरला. डॉक्टर म्हणाल्या, "हा पीळ देऊन मोडलेला हात आहे."

पाळणाघर बंद होऊन नऊ दिवस झाले होते. ते नऊ दिवस मुलगा घरीच होता, चोवीस तास, एका माणसाबरोबर.

मी मुद्देमालाच्या खोलीत गेलो, रजिस्टरवर सही केली, खोकं उघडलं आणि तिथेच उभ्या उभ्या वाचायला लागलो. अक्षर सुवाच्य, शाळेतल्या बाईंसारखं. 'सोमवार. पाठीवर निळा डाग. वडिलांना विचारलं तर म्हणाले, पडला. फॉर्मवर सही नाही म्हणाले.' पुढच्या सोमवारी मांडी. त्यापुढच्या सोमवारी कान. असे सहा सोमवार होते.

छावणीच्या प्रशिक्षणात त्यांना एक सवय लावलेली होती. मूल आलं की त्याचं अंग बघायचं, काही खूण दिसली तर फॉर्मवर नोंद करून पालकाची सही घ्यायची. संध्याकाळी मूल परत देताना 'इजा नाही' या ओळीखाली पुन्हा सही. बापाने सकाळी सही द्यायचं टाळलं होतं. संध्याकाळी मात्र घाईत रोज केली होती. सहाही शुक्रवारी 'इजा नाही', खाली त्याची सही. हे फॉर्म इंग्रजीत होते आणि त्याच खोक्यात होते. म्हणजे भाषेची सबबही मला उरली नाही.

वहीतली शेवटची नोंद धाडीच्या आदल्या दिवसाची होती. 'दंडावर चार बोटं. आज त्यांना तोंडावर सांगितलं की उद्या मी फोन करणार. माझं पाळणाघर बंद झालं तरी चालेल.'

बाईंच्या आधी बापानेच फोन केला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

बापाची चौकशी दीड तास चालली. मी आवाज चढवला नाही. आवाज चढवला की असा माणूस गप्प होतो. मी फक्त सहा फॉर्म त्याच्यासमोर मांडले.

"ही सही तुमची?"

"हो."

"शुक्रवारी मुलगा ठीक होता?"

"हो, पण..."

"सोमवारी सकाळी त्याला पाळणाघरात कोण सोडायचं?"

त्याने फॉर्म उलटे करून ठेवले. मग म्हणाला, "तो रडायचा थांबतच नाही हो." त्यानंतर त्याने सगळं सांगितलं, त्या निनावी फोनचंसुद्धा. पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला. आई मोहिमेवरून परत आली आणि मुलगा तिच्याकडे गेला.

बाईंवर गुन्हा दाखल झाला नाही. जास्तीच्या मुलाबद्दल प्रांताची नोटीस तेवढी राहिली. मार्चमध्ये मी त्यांच्या घरी गेलो, अधिकारी म्हणून नव्हे. दारातच मराठीत माफी मागितली. त्यांनी आत घेतलं, चहा टाकला. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "हात जुळला का जी त्याचा?"

"जुळला. प्लास्टर निघालं."

त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, "मी पहिल्याच सोमवारी फोन करायला पाहिजे होता. परवाना नाही म्हणून घाबरले. बंद करतील, नवऱ्याच्या नोकरीला त्रास होईल, वाटे. माझी चूक मी कुणावर ढकलत नाही." मग माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने विचारलं, "पण साहेब, तुम्ही कशाला घाबरले?"

मी खरं ते सांगितलं. लोक काय म्हणतील, याला.

त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला.

माझ्यावर दोनदा चाकू उगारला गेला आहे, एकदा बंदूक रोखली गेली आहे, तेव्हा मी मागे सरलो नाही. निःपक्षपाती दिसायच्या हट्टापायी मात्र एका तीन वर्षांच्या मुलाला मी नऊ दिवस त्या घरात ठेवलं. नियमाप्रमाणे माझं काहीच चुकलं नव्हतं. वरिष्ठांनी तसं लेखी दिलं. तो कागद मी फाडून टाकला. त्यानंतर नोकरीतल्या उरलेल्या वर्षांत कुठल्याही घराला कुलूप लावण्याआधी मी एकच गोष्ट विचारत असे, उद्या सकाळी ही मुलं कोणाकडे असतील? त्या मंगळवारी तिथे सात मुलं होती, आणि हे मी एकाबद्दलही विचारलं नव्हतं.