मिक्सरवाल्या वहिनी

वहिनींनी बारा वर्षं घमेली उचलली होती. स्लॅबचा दिवस म्हणजे वीस-पंचवीस माणसांची रांग, खालून वर, या हातातून त्या हातात. संध्याकाळी मान वळायची नाही. त्यांचा नवरा गवंडी, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. तो वर थापी घेऊन, त्या खाली रांगेत. दोघांचं बोलणं होई ते घरी आल्यावर, तेही कुणाची पाठ जास्त दुखते यावर.

मग मिस्त्री आणि त्याचा धाकटा भाऊ यांनी मिळून माल थेट वर चढवणाऱ्या लिफ्टचं मिक्सर मशीन आणलं. ट्रॅक्टरच्या मागे जोडून कुठेही नेता येणारं. शहरातल्या मोठ्या काँक्रीटच्या गाड्या शेतातल्या वाटांनी येत नाहीत. हे मशीन मात्र दोन बांधांमधूनही शिरायचं. भाऊ ट्रॅक्टर चालवायचा. मशीनवर ठेवलेला माणूस तिसऱ्याच आठवड्यात काम सोडून गेला.

"मी बघते," वहिनी म्हणाल्या.

मिस्त्री हसला. "हे स्वयंपाकघरातलं मिक्सर नाही."

"ते तरी कुठं तुम्हाला चालवता येतं?"

आठ दिवसांत त्यांचा हात बसला. खडी, वाळू, सिमेंट, पाणी. पाणी किती झालं हे त्यांना आवाजावरून कळायचं. माल घट्ट असला की ड्रम घरघरतो, पातळ झाला की लपलप वाजतो. वरून मिस्त्री ओरडून काही सांगायच्या आत त्यांनी पाण्याचा नळ बंद केलेला असे. वहिनी हे नाव दिराच्या तोंडचं, ते सगळ्या कामावर पसरलं. घरमालकसुद्धा फोनवर विचारायचे, "वहिनींची तारीख मिळेल का?"

ज्या दिवसाची गोष्ट सांगायची, त्या दिवशी एका कंपाउंडरच्या घराचा स्लॅब होता. वस्तीच्या टोकाचं घर, दोन खोल्या आणि पुढे पडवी. सकाळी सातला मशीन सुरू झालं. साडेदहापर्यंत मागच्या खोलीवरचा माल पडून झाला होता. मिस्त्री वर लांब फळीने माल सपाट करत होता आणि मध्येच तो खाली बसला. स्लॅबच्या दिवशी मिस्त्री बसलेला कुणी कधी पाहिला नव्हता. दोघांनी त्याला धरून शिडीवरून उतरवलं. अंगातून घामाच्या धारा, तोंड राखेसारखं.

दिराने शेजारची जीप आणली. वहिनी मशीन सोडून धावल्या. ड्रम भरलेला तसाच फिरत होता. जीपमध्ये त्याला आडवा केला तेव्हा मिस्त्रीने ड्रमकडे मान वळवली.

"तू कशाला येतेस? इंजेक्शन घेतलं की येतो तासाभरात. स्लॅब अर्धा सोडू नकोस. सांधा पडला की आयुष्यभर गळतं."

त्या थांबल्या. जीप गेली. त्यांनी परत येऊन ड्रम रिकामा केला आणि पुढचा भरायला सांगितला. वर मिस्त्रीच्या हाताखालच्या गवंड्याने फळी घेतली.

पाऊण वाजता फोन आला. आवाजात काही ऐकू येईना म्हणून त्या विटांच्या ढिगामागे गेल्या.

दीर म्हणाला, "वहिनी, दादा गेला."

"कुठं?" वहिनींनी विचारलं.

मग त्यांना कळलं. म्हणजे शब्द कळले. त्यांनी फोन कमरेला खोचला. विटांवर एक मुंग्यांची रांग चालली होती, ती त्यांनी शेवटपर्यंत पाहिली, असं त्या पुढे सांगत. मग त्या मशीनपाशी आल्या.

वाळूच्या घमेल्यांवर एक म्हातारी बाई होती, रांगेच्या दिवसांपासूनची सोबतीण. तिने विचारलं, "काय म्हणाले गं?"

"उशीर होईल म्हणाले."

आणि त्यांनी दांडा ओढला. त्यानंतर अठरा ड्रम झाले. एकही पातळ नाही, एकही घट्ट नाही. चार वाजता पडवीचा शेवटचा कोपरा भरला. वहिनींनी नेहमीसारखी ड्रममध्ये खडी आणि पाणी टाकलं, फिरवलं, धुऊन काढलं. इंजिन बंद केलं. तेव्हा त्यांनी सांगितलं.

कंपाउंडर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर मटकन बसला. "अहो, सांगायचं तरी, बाई!"

"सांगितलं असतं तर तुम्ही काम थांबवलं असतं."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत चार गावांत पोचली. कुणी म्हणालं, बाई खंबीर आहे. कुणी म्हणालं, काळजाच्या जागी दगड आहे. मिस्त्रीची थोरली बहीण, वहिनींची नणंद, भरल्या अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली, "माझा भाऊ तिकडं थंड पडला होता आणि हिचा ड्रम फिरत होता." वहिनींनी मान खाली घातली नाही की वर केली नाही. खोटं काही नव्हतंच त्यात. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, हेही सगळ्यांनी पाहिलं. नणंदेने त्या दिवसापासून बोलणं टाकलं.

नंतरचे दिवस कसे गेले ते वहिनींना नीट सांगता येत नाही. भूक लागायची, त्या जेवायच्या. पडल्या की झोप लागायची. एकदा बादली भरून वाहत राहिली आणि त्या नळाशी उभ्याच. शेजारणीने येऊन नळ बंद केला. डॉक्टर म्हणाले, रडून घ्या, मोकळं वाटेल. वहिनींनी मान डोलावली. घरी येऊन पलंगावर बसून त्यांनी खरोखर प्रयत्न केला. थोड्या वेळाने कपड्यांच्या घड्या करायला घेतल्या.

दोन आठवड्यांनी दीर दाराशी येऊन उभा राहिला. "मशीन विकून टाकू या, वहिनी. मला बघवत नाही ते."

"भाऊजी, उद्या कुणाचा स्लॅब आहे?"

"आपण सगळ्यांना 'नाही' म्हणून कळवलंय."

"परत कळवा."

वर्षभर त्यांनी काम केलं. पाया, कॉलम, स्लॅब. लोकांना घरं हवी होती, त्यामुळे दगडाचं काळीज वगैरे हळूहळू मागे पडलं. वहिनींना कुठल्याही घराचा रंग आठवत नसे, माणसं आठवत नसत. वाट अरुंद होती की नाही, पाणी जवळ होतं की लांब, एवढंच आठवे.

मग नणंदेचं घर बांधायला निघालं. तिने मुद्दाम लांबचं मशीन ठरवलं. स्लॅबच्या दिवशी अकरा वाजता त्या मशीनच्या लिफ्टचा दोर तुटला. अर्धा स्लॅब ओला, अर्धा उघडा, माणसं डोक्याला हात लावून बसलेली. नणंदेच्या नवऱ्याने बायकोला न विचारता दिराला फोन केला.

वहिनी तासाभरात पोचल्या. दोन घरांच्या भिंतींमधून मशीन आत घ्यायचं होतं. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. वहिनी मागे चालत, हाताने खुणा करत, एकही ओरखडा न पाडता ते आत घेऊन आल्या. नणंद दारात उभी होती. वहिनींनी पाण्याचा पाइप कुठे आहे एवढंच विचारलं.

पाचला काम संपलं. माणसं हातपाय धुवायला गेली. नणंद मशीनपाशी आली.

"एक विचारू?"

"विचारा ना, ताई."

"त्या दिवशी तुला काय वाटत होतं?"

"पाणी जास्त होतंय का, तेवढंच बघत होते."

"बाकी काहीच नाही?"

"नाही."

"आणि आता?"

"आताही तेवढंच, ताई. मी खोटं कशाला बोलू?"

नणंदेचा चेहरा एकदम मोडला. ती रडली, मोठ्याने, कुणाची पर्वा न करता. वहिनींचे हात कोपरापर्यंत सिमेंटने भरलेले. त्या जरा थांबल्या, मग तसाच एक हात त्यांनी नणंदेच्या खांद्यावर ठेवला.

"वर्षभर मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडतेय," नणंद नाक पुसत म्हणाली. "तू भांडायलासुद्धा आली नाहीस."

"सुचलंच नाही."

तेव्हापासून नणंदच येते, दर पंधरा दिवसांनी, दुपारची. चहा स्वतःच करते. सुनेबद्दल बोलते, गुडघ्यांबद्दल बोलते, भावाच्या लहानपणाबद्दलही बोलते. वहिनी वाटाणे सोलत ऐकतात. त्या अजून रडलेल्या नाहीत. नणंदेनेही आता वाट बघणं सोडलंय.

मागच्या खेपेला ती सांगत होती की नव्या घराच्या खिडक्यांना नवऱ्याने स्वतः रंग लावला, इतका जाड की सगळ्या खिडक्या चौकटीला चिकटून बसल्या, आणि आता तो रोज सकाळी बाहेर उभा राहून धक्के मारतो, ही आतून ओढते, आणि शेजारी विचारतात घरात चोर शिरलाय का. वहिनी हसल्या. एकदाच, नाकातून, बारीकसं.

नणंद बोलता बोलता थांबली. त्यांच्याकडे बघितलं. मग काही झालंच नाही अशा सुरात तिने सुताराला बोलावल्याचं पुढचं सांगायला घेतलं.