देवानंदची उलटतपासणी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला जवळचं समजून सांगतोय — जमेल तसं.

मी वाशीमच्या कोर्टात वकील. चार पैसे गाठीला आले तेव्हा मोठी परदेशी गाडी घेतली. उंच, काळी, आमच्याकडे तशी पहिलीच. कोर्टासमोर उभी राहिली की पक्षकार आधी तिच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू? गाडीवर ड्रायव्हर देवानंद, अनसिंगचा. त्याआधी वीस वर्षं ट्रक चालवला, कुठे ओरखडा नाही. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरेच करायचो.

सहा महिन्यांत गाडीच्या तऱ्हा सुरू झाल्या. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना हिसका द्यायची. पुढे त्याहून वाईट — उभी करून 'पी'वर, म्हणजे पार्किंगच्या गिअरवर टाकली, समोर 'पी' दिसला, तरी उतारावर हळूच सरकायची. हँडब्रेकचं बटणही कधी धरायचं, कधी नाही. नागपूरला सर्व्हिसिंगवाल्यांनी कॉम्प्युटर लावला आणि काही दोष नाही म्हणून परत पाठवलं. मी मोबाइलवर शोधलं, तर हीच गाडी घेतलेले कितीतरी लोक हेच गाऱ्हाणं मांडत होते. एका बाईची गाडी तिच्याच घराच्या फाटकावर जाऊन आदळली होती. सगळं वाचलं आणि गप्प बसलो. बोललो असतो तर गाडी घेण्यात फसलो हे कबूल करावं लागलं असतं ना?

देवानंदला वाचायची गरज नव्हती. गाडी उभी केली की तो ट्रकवाल्यांच्या सवयीनं मागच्या चाकाला दगड लावायचा. एवढी महागाची गाडी आणि चाकाला दगड — लोक हसायचे, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी रागवायचो. तो ऐकून घ्यायचा आणि दगड लावायचा.

भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या वाशीमजवळच्या मालेगावला होतं. कार्यालयाचं आवार उताराचं. देवानंदनं गाडी लावली आणि जेवायला गेला. फोटोवाल्यानं जोडीला गाडीजवळ उभं केलं, म्हणाला, फोटोत तो दगड येतोय. मग मी काय केलं असेल? वाकलो, दगड उचलला आणि कुंपणाकडे फेकला. मीच, या हातानं. फोटो झाले, आम्ही आत गेलो.

पंगत उठत होती तेव्हा गाडी मागे निघाली. खाली भिंतीशी बाया भांडी घासत बसल्या होत्या. देवानंद हात धूत होता, तसाच धावला. सरकत्या गाडीचं दार उघडून एक पाय आत घातला, ब्रेक दाबला. बायांना काही झालं नाही. त्याचा बाहेर राहिलेला पाय मात्र गाडी आणि मांडवाचा खांब यांच्यामध्ये सापडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेहुणे म्हणाले, ड्रायव्हरनं चाकाला काही लावलंच नाही वाटतं. मी म्हणालो, हो, विसरला असेल. किती सहज निघालं ते तोंडातून.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. पायाला प्लास्टर. मला बघून उठायला लागला.

"वकीलसाहेब, मी गोटा लावला व्हता. मले पक्कं याद हाय."

आणि मी — हेच सांगायचं होतं, हेच टाळत आलोय इतका वेळ — मी खुर्ची ओढून बसलो आणि त्याची उलटतपासणी घेतली. आवाज न चढवता, साक्षीदार मोडायला घेतो तशी. कोणत्या चाकाला लावलास? जेवायचं बोलावणं आलं ते त्याच्या आधी की नंतर? दगड आणलास कुठून? लावताना कोणी पाहिलं? मग कालचं आठवतंय की परवाचं? रोजचं काम कोणालाच असं बारीकसारीक आठवत नसतं, हे मला धंद्यानं शिकवलं आहे. आधी तो झटपट सांगत होता. मग अडखळला. मग छताकडे बघत राहिला.

"मंग नसन लावला, साहेब. इसरलो असन."

पाय बरा झाला, थोडा लंगडतो. पण स्टिअरिंगला त्यानं पुन्हा हात लावला नाही. पायामुळे नाही. ज्याला असं विसरायला होतं त्यानं लोकांचा जीव हाती घेऊ नये, असं घरी म्हणाला म्हणे. वर्षभरानं कंपनीचं पत्र आलं — या गाड्या 'पी'वर असूनही सरकू शकतात, तो भाग फुकट बदलून देऊ. तेव्हाही वेळ गेली नव्हती, अनसिंग काही लांब नाही. मी भाग बदलून घेतला आणि पत्र फाडलं. मला माझी लाज वाटते, एवढंच त्याबद्दल सांगता येईल.

मागच्या महिन्यात कामासाठी अनसिंगला गेलो होतो. देवानंदनं रस्त्यात पाहिलं आणि आग्रहानं घरी नेलं. बायकोला चहा मांडायला सांगितला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग खाली बघत म्हणाला, "साहेब, त्या दिवशी माह्या हातून झालं ते — तुमी मले माफ केलं का?"

"केव्हाच केलं, देवानंद."

त्याचे डोळे भरून आले. त्यानं हात जोडले. मी चहा संपवला आणि निघालो.